एकटीचे पान

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते आणि मग लिस्बनच्या गोष्टी सांगते. वयाची त्रेसष्ट वर्षे पूर्ण होईपर्यंत मी एकटीने हॉटेलात बसून कधी जेवले नव्हते.

हसू नका. तुमच्यापैकी कितीजणी अशा बसल्या आहेत, मनाशीच मोजून बघा. मी काही घरकोंबडी नव्हे. एकतीस वर्षे नोकरी केली, गर्दीच्या लोकलमधून उभ्याने प्रवास केला, पोराबाळांची लग्ने केली. हॉटेलात गेले ती यांच्याबरोबर, मुलांबरोबर, नाहीतर ऑफिसातल्या मैत्रिणींच्या घोळक्यात. पण एकटीने आत शिरायचे, टेबल बघून बसायचे आणि फक्त आपल्या एकटीसाठी मागवायचे? छे! भूक लागली तर रस्त्यात उभ्याने वडापाव, नाहीतर सरळ घर गाठायचे. ‘एका माणसासाठी कशाला खर्च?’ हे वाक्य आईकडून माझ्याकडे आले आणि माझ्याकडून लेकीकडे जाणार होते. ते वाटेत अडले, लिस्बनला.

हे जाऊन तीन वर्षे झाली होती. २०२४ च्या मे महिन्यात लेकीने तिकीटच पाठवले. ती आणि जावई दोघेही तिथे नोकरी करतात. लिस्बन म्हणजे पोर्तुगालची राजधानी. तेजू नदीच्या मुखाशी, टेकड्यांवर वसलेली. हल्ली युरोपातल्या तरुण मंडळींचे हे भारी लाडके शहर झाले आहे. लॅपटॉप काखेत मारून जगभरातून पोरे येतात आणि महिनोन् महिने राहतात. लेकीचे घर ग्रासा नावाच्या उंच भागात आहे. खिडकीतून लाल कौलांची उतरंड आणि खाली नदी दिसते. थेट आपल्या कोकणातली कौले! माझा जन्म वेंगुर्ल्याचा, त्यामुळे पहिल्या दिवशीच निम्मी ओळख पटली.

पण दिवसभर घरात मी एकटी. ती दोघे सकाळी नऊला जात, ती सहाला येत. तिसऱ्या दिवशी मी धीर करून बाहेर पडले. दहापासून तीनपर्यंत उतारावरून खाली, चढावरून वर भटकले. जागोजागी टेबले मांडलेली, माणसे मजेत खाताहेत. मी प्रत्येक दारापाशी थबकले, पाटी वाचली आणि पुढे झाले. शेवटी घरी येऊन दहीभात खाल्ला. संध्याकाळी लेक म्हणाली, “अगं आई, इथे कुणी बघत नाही गं तुझ्याकडे.”

मी म्हटले, “कुणी नाही बघत, पण मी बघते ना!”

लेक माझी हुशार. तिने मला पोहायला शिकवतात तसे शिकवायचे ठरवले, आधी पायरीवर पाय बुडवून. म्हणाली, “उद्या बसू नकोस. फक्त उभी राहून कॉफी पी.”

उभ्याने कॉफी

लिस्बनला कधी गेलात तर तुम्हीही इथूनच सुरुवात करा. तिथे प्रत्येक गल्लीत एक ‘पश्तेलारिया’ असते, म्हणजे केक-बिस्किटांचे आणि कॉफीचे दुकान. आत लांबलचक काउंटर. लोक येतात, उभ्याने इवल्याशा कपातली कडक काळी कॉफी दोन घोटांत पितात, नाणे ठेवतात आणि चालू लागतात. या कॉफीला लिस्बनमध्ये ‘बीका’ म्हणतात. काउंटरवर ती साधारण एका युरोला मिळते. तीच बाहेरच्या मांडवाखाली बसून प्यायलात तर बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात, हे ध्यानात ठेवा. कडक सोसत नसेल तर ‘गलाँव’ मागा, काचेच्या उंच पेल्यातली भरपूर दुधाची कॉफी. आणि पोट जड असेल तर ‘कारियोका द लिमाँव’. नाव मोठे, पण आत फक्त उकळते पाणी आणि लिंबाची साल. आपल्या आजीच्या बटव्यातलेच औषध.

पहिल्या दिवशी बीका पिताना माझा हात थरथरत होता. पण इकडेतिकडे पाहिले आणि काय सांगू, काउंटरला माझ्याच वयाच्या चार बायका उभ्या! हातात भाजीची पिशवी, पायांत साधे बूट, प्रत्येक जण एकटी. कुणी घाईत नाही आणि कुणी ओशाळलेलीही नाही. दुकानदार त्यांना काय हवे ते विचारतही नव्हता, समोर आणून ठेवत होता.

चहाबाजांसाठी एक गंमत. पोर्तुगीजमध्ये चहाला ‘शा’ म्हणतात आणि लिहिताना आपल्या ‘चा’सारखेच लिहितात. इंग्लंडच्या राजदरबारात चहाची चाल पाडली ती पोर्तुगालच्या राजकन्येने, ब्रागांझाच्या कॅथरीनने. १६६२ मध्ये तिचे इंग्लंडच्या राजाशी लग्न झाले आणि आपली मुंबई त्या लग्नात हुंड्यात गेली. लिस्बनमध्ये ‘शा’ पिताना मी मनात म्हटले, बाई गं, तुझ्या हुंड्यातून आले मी!

गोड तोंड

मग आठवडाभर मी गोडावर होते. मधुमेहवाल्यांनी हा परिच्छेद डोळे मिटून वाचावा.

लिस्बनची खासियत म्हणजे ‘पश्तेल द नाता’. मैद्याच्या अगदी पातळ पापुद्र्यांची वाटी, आपल्या चिरोट्यासारखी खुसखुशीत, आणि आत अंड्याच्या पिवळ्या बलकाचे दाट कस्टर्ड, वर करपल्यासारखे तपकिरी ठिपके. यातले सर्वांत नावाजलेले दुकान बेलें भागात आहे. जेरोनिमुश नावाच्या भव्य मठाला लागूनच. याच मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि मठातली ही कृती बाहेर आली. १८३७ पासून ते दुकान ती वड्यांसारखी मांडून विकते आहे. कृती अजूनही गुप्त ठेवलेली आहे. इथे खास नाव ‘पश्तेल द बेलें’. बाहेरची रांग पाहून घाबरू नका. ती बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या नक्षीच्या फरशांनी मढवलेली मोठमोठी दालने आहेत, तिथे बहुधा लवकर जागा मिळते. गरम असतानाच वरून दालचिनीची पूड आणि पिठीसाखर भुरभुरवायची.

एवढा बलक कुठून आला? सांगतात असे की मठांतल्या जोगिणी अंड्याच्या पांढऱ्याने कपड्यांना खळ करायच्या आणि उरलेल्या बलकाची मिठाई. काही टाकायचे नाही, ही रीत जगभरच्या स्वयंपाकघरांत सारखीच!

शहराच्या मध्यभागी प्रासा दा फिगेइरा चौकात ‘कोन्फेइतारिया नासियोनाल’ आहे, १८२९ ची. आणि शियादु भागात ‘अ ब्राझिलेइरा’, १९०५ ची. तिच्या दाराशी कवी फर्नांदु पेसोआचा ब्राँझचा पुतळा आहे, टेबलाशी बसलेला. १९८८ मध्ये बसवला. शेजारी एक रिकामी खुर्चीही ब्राँझचीच. पर्यटक तिच्यावर बसून फोटो काढून घेतात. मीही बसले. एकटीने टेबलाशी बसण्याचा माझा पहिला प्रसंग असा पुतळ्याच्या सोबतीने झाला.

पेरू खाल्ला, पण कोणता?

आता फजितीच्या दोन गोष्टी सांगते, म्हणजे तुमची होणार नाही.

तुम्हांला माहीतच असेल, आपले कितीतरी शब्द पोर्तुगीजांकडून आले आहेत. बटाटा, पाव, काजू, अननस, पपई, कोबी, चावी, बालदी, घमेले, पिंप. लिस्बनची पाटी वाचताना मला तर माहेरी आल्यासारखे वाटायचे. ‘पगार’ हा शब्दसुद्धा त्यांचाच, त्यांच्याकडे ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. बिल हवे असले की म्हणायचे, ‘केरिया पागार’. मी ते पहिल्या दिवसापासून न चुकता म्हणाले.

पण या माहेरपणानेच दगा दिला. एका दुकानात पाटीवर ‘पेरू’चे सँडविच दिसले. मी म्हटले वा, पेरू आणि पाव, काय कल्पना आहे! मागवले. आले ते मांसाचे काप भरलेले. पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’ म्हणजे टर्की कोंबडी, बरं का! त्यात वार सोमवार, माझा उपास. निमूटपणे कागदात गुंडाळून घेतले आणि रात्री जावयाला वाढले. तो म्हणाला, “सासूबाई, आज काय विशेष?” त्याला मी अजून खरे सांगितलेले नाही. पेरू हवा असेल तर ‘गोयाबा’ म्हणावे.

दुसरी गोष्ट खिशाशी संबंधित. १७५५ च्या भूकंपानंतर नव्याने वसवलेला सपाटीवरचा भाग म्हणजे बाइशा. तिथे पायी चालायच्या रस्त्यांवर हॉटेलांचे लोक मेनू हातात घेऊन पर्यटकांना आग्रह करकरून बोलावतात. एकाने मला बोलावले आणि मी भिडेखातर बसले. मागवायच्या आधीच त्याने पाव, लोणी, ऑलिव्ह आणि चीजची छोटी चकती आणून ठेवली. मला वाटले, आपल्याकडे कांदा-लिंबू ठेवतात तसे असेल. वा, काय अगत्य! सगळे संपवले. बिलात त्या प्रत्येकाचे वेगळे पैसे, आणि थोडेथोडके नाहीत. गुपचूप दिले. एकटी बाई होते ना. कुणी बरोबर असते तर निदान डोळे तरी वटारले असते.

रात्री लेक म्हणाली, याला ‘कुव्हेर’ म्हणतात. पोर्तुगालच्या कायद्यात स्पष्ट आहे की गिऱ्हाइकाने न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या वस्तूचे पैसे लावता येत नाहीत. तेव्हा नको असेल तर हात लावायचा नाही आणि हसून म्हणायचे, ‘नाँव, ओब्रिगादा’. नको, आभारी आहे. पुरुषाने ‘ओब्रिगादु’ म्हणायचे आणि बाईने ‘ओब्रिगादा’. आपल्या ‘आभारी’पेक्षा ही भाषा या बाबतीत चोख. आणि प्रत्येक दुकानात तक्रारवही असलीच पाहिजे असाही नियम आहे. नुसती ती वही मागितली की आवाज मऊ होतात, म्हणे.

मला पैशांपेक्षा दुसरेच लागले. एकटी होते म्हणून मी गप्प बसले, हे लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घरात बसून राहणार होते. पण लेकीने सुट्टी काढली आणि म्हणाली, “आज तुला खरं लिस्बन दाखवते. चल.”

आजीबाईंचे टेबल

घराच्या मागच्याच गल्लीत एक ‘ताश्का’ होती. ताश्का म्हणजे आपली खाणावळ. सात-आठ टेबले, त्यांवर कागदी अंथरूण, कोपऱ्यात टीव्ही सुरू. नवरा वाढतो, बायको आत रांधते. दारात फळ्यावर खडूने त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेले. याला ‘प्रातु दु दीया’ म्हणतात. दुपारी बारा ते तीन या वेळात जा. दहा युरोंच्या आतबाहेर पोटभर जेवण होते. आणि एकट्या बाईने तर एक शब्द पाठच करून ठेवावा, ‘मेया दोझ’. म्हणजे अर्धी ताटली. पूर्ण ताटली दोघांना पुरेल एवढी असते. अर्धी मागण्यात तिथे काहीच कमीपणा नाही, फळ्यावर तिचा भाव वेगळा लिहिलेलाच असतो.

आम्ही आधी ‘काल्दु व्हेर्द’ घेतले. ही त्यांची घरोघरची पातळ भाजी म्हणा किंवा सूप. कृती सोपी आहे, टिपून घ्या. बटाटे, कांदा आणि लसूण पाण्यात मऊ शिजवून घोटून घ्यायचे. त्यात हिरव्या कोबीच्या जातीची पाने केसासारखी बारीक चिरून घालायची आणि पाचच मिनिटे उकळी द्यायची, म्हणजे रंग हिरवागार राहतो. मीठ, वरून ऑलिव्हचे तेल. आपल्याकडे नवलकोलाचा कोवळा पाला किंवा कोबीची बाहेरची हिरवी पाने घ्यावीत. आपण ती टाकून देतो. तिथे त्यात डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात. नको असेल तर ‘सें शोरिसु’ म्हणून आधीच सांगावे. आपला गोव्याचा चोरीस तो हाच.

मग आले ‘बाकल्याव’, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. गंमत अशी की हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. दूर उत्तरेकडच्या थंड समुद्रातून येतो, आणि तरी या देशाचे ते जीव की प्राण. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवून खारटपणा काढतात. वर्षाच्या दिवसांइतके त्याचे प्रकार आहेत, असे म्हणतात. आम्ही ‘आ ब्राश’ हा प्रकार घेतला. माशाचे बारीक धागे, परतलेला कांदा, काडीसारखे चिरून तळलेले बटाटे आणि त्यावर फेटलेले अंडे, सगळे हलक्या हाताने एकत्र केलेले. वेंगुर्ल्याच्या सुक्या बाजारात वाढलेल्या माझ्यासारखीला आणखी काय हवे?

पण माझे लक्ष ताटापेक्षा खिडकीजवळच्या टेबलाकडे होते. तिथे ऐंशीच्या पुढच्या एक आजीबाई बसल्या होत्या. काळे कपडे, केस नीट विंचरलेले, मांडीवर पर्स. समोर सूप, अर्धी ताटली मासा आणि लहानसा पेला वाइन. त्या सावकाश, एक एक घास चावून जेवत होत्या. टीव्हीकडे बघत होत्या, मध्येच मालकाला काहीतरी ऐकवत होत्या. जेवण झाल्यावर मालकाने कागदी अंथरुणाच्या कोपऱ्यावरच पेन्सिलीने हिशेब मांडला, त्यांनी नाणी मोजली आणि निघाल्या. लेक म्हणाली, “या रोज येतात. नवरा कधीच गेला. हे टेबल त्यांचं. बाराला कुणी दुसरं बसायला लागलं तर मालक उठवतो.”

मला एकदम माझे दहीभाताचे पातेले आठवले. हे गेल्यापासून तीन वर्षे मी कशी जेवत होते, तुम्हांला सांगू? ओट्याशी उभी राहून, पातेल्यातच चमच्याने. एकटीसाठी पान कशाला मांडायचे? आणि इथे ही बाई केस विंचरून, पर्स घेऊन, स्वतःसाठी मांडलेल्या पानावर रोज येऊन बसत होती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी एकटी त्या खाणावळीत गेले. मालकाने दोन बोटे वर करून विचारले, दोघे? मी एक बोट वर केले. त्याने भिंतीकडचे टेबल दाखवले, कागद बदलला, एक काटा, एक सुरी, एक पेला मांडला. मी म्हटले, “मेया दोझ.” घास पहिल्यांदा घशाखाली उतरेना. आजीबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मग उतरला. नंतरचे तीन आठवडे मी तिथलीच झाले.

कुठे काय प्यावे, काय आणावे

एकदा भीड मोडल्यावर मी शहर पालथे घातले. थोडक्यात सांगते.

नदीकाठचा मेर्कादु दा रिबेइरा हा जुना मंडईबाजार १८८२ चा. २०१४ पासून त्याच्या एका भागात नामवंत आचाऱ्यांचे गाळे थाटले आहेत आणि तरुणांची झुंबड असते. पदार्थ चांगले, पण महाग. शिवाय लांबलचक सामाईक टेबले. एकटीने गेलात तर जागा राखायची की थाळी आणायची, ही पंचाईत. म्हणून मी सकाळी जात असे ती दुसऱ्या भागात, जिथे अजून खरी मंडई भरते. तारल्या, बांगड्यांचे भाऊबंद, माकुळ! सोमवारी मात्र ताजी मासळी फारशी नसते, कारण रविवारी कोळी सुट्टी घेतात.

भेटवस्तू हव्या असतील तर रुआ दुश बाकल्योएइरुश, म्हणजे सुक्या मासळीच्या व्यापाऱ्यांची गल्ली, तिथे जा. १९३० पासूनचे ‘कोन्सर्व्हेइरा द लिश्बोआ’ हे डबाबंद माशांचे दुकान आहे. लाकडी फडताळांवर रंगीत डबे रचलेले, आणि घेतलेले डबे आपल्यासमोर कागदात बांधून, सुतळी लावून देतात. वाण्याच्या पुड्याची आठवण झाली.

साँव दोमिंगुश चौकात १८४० पासून एक खोपटाएवढे दुकान आहे, ‘अ जिंजिन्या’. आंबट चेरी साखरेसह दारूत मुरवून केलेले लालभडक पेय, चिमुकल्या पेल्यात. विक्रेता एवढेच विचारतो, चेरीसकट की चेरीविना? इश्श म्हणाल, पण मी एक पेला घेतला. चेरीसकट. चव आमच्या करवंदांच्या मुरांब्यासारखी, पण घशात निखारा. बसायला जागा नाही, सगळे चौकात उभे. एकच पुरे, हे मी अनुभवाने सांगते. चढावाची वाट असते.

पेय नको असणाऱ्यांनी टेकड्यांवरच्या ‘मिराडोरु’ म्हणजे देखाव्याच्या गच्च्यांवर जावे. तिथे जुन्या धाटणीच्या लोखंडी टपऱ्या आहेत. बंद पडलेल्या अशा कित्येक टपऱ्या २००९ पासून पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांच्याबरोबर जुनी सरबतेही परतली. ग्रासाच्या गच्चीवर संध्याकाळी लिंबूपाणी घेऊन बसले की कुणी हटकत नाही.

आणि खमंग काही हवे झाले, तर कुठल्याही पश्तेलारियाच्या काचेत ‘शमूसा’ शोधा. आपला समोसाच! गोव्याच्या आणि मोझांबिकमधल्या हिंदी माणसांबरोबर तो लिस्बनला पोचला आणि तिथलाच होऊन गेला. आत बहुधा खिमा असतो, शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे. मोरारिया भागात गोव्याचे जेवण देणाऱ्या खाणावळीही आहेत. १५१० ते १९६१, साडेचारशे वर्षे राज्य केले त्यांनी गोव्यावर. जाताना शागुती बरोबर घेऊन गेले म्हणायचे.

तुळशीची बहीण

१२ जूनची रात्र लिस्बनमध्ये सांतु आंतोनियुची, त्यांच्या लाडक्या संताची. गल्लोगल्ली शेगड्या पेटतात, तारल्या भाजल्या जातात आणि पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून हातात देतात. माशाचे तेल पावात मुरते. शेवटी तो पावच सगळ्यांत चवदार लागतो. घरोघरी कुंडीतले ‘मांजेरिकु’ भेट देतात. वर कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोवलेली. मी पाहिले तर काय, आपल्या सब्जाची, तुळशीची धाकटी बहीण! नाक थेट रोपाला लावायचे नाही. तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा, अशी रीत.

त्या रात्री खाणावळीच्या दाराशीही शेगडी होती. आजीबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी मला शेजारी बसवून घेतले. मला पोर्तुगीज येत नाही, त्यांना मराठी नाही. पण मासा काट्यावरून कसा सोडवायचा हे त्यांनी मला दाखवले आणि मी त्यांना बोटांनी कसा सोडवायचा ते. माझी रीत जास्त साफ निघाली, हे त्यांनी मान्य केले.

लेक मात्र मालकाशी बोलत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. घरी येताना म्हणाली, “बंद होणार गं ही. मालकाचा करार संपतोय. इमारतीच्या धन्याला वर-खाली पर्यटकांसाठी खोल्या करायच्यात.” नगरपालिकेने काही जुन्या नामांकित दुकानांना संरक्षण दिले आहे, पण प्रत्येक गल्लीतली खाणावळ त्या यादीत कशी असेल? शहर लोकप्रिय झाले, भाडी वाढली. आम्हीही त्याच शहरात बाहेरून आलेले. लेक म्हणाली, “आपणही त्यातलेच आहोत, नाही का आई?” मला उत्तर सुचले नाही. मला एवढेच वाटत राहिले, बाराला केस विंचरून निघालेली ती बाई आता कुठे जाऊन बसेल?

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन नमस्कार केला. त्यांनी मांजेरिकुची छोटी कुंडी माझ्या हातात दिली. विमानात नेता येत नाही, लेकीच्या खिडकीत ठेवून आले. खाणावळ सप्टेंबरात बंद झाली. लेकीने कळवले की आजीबाई आता दोन गल्ल्या पलीकडच्या पश्तेलारियात दिसतात. सूप तिथेही मिळते. टेबल राखून ठेवणारे अजून कुणी नाही. लेक शनिवारी जाऊन त्यांच्यासमोर बसते.

मुंबईला आल्यावर पहिल्याच बुधवारी मी दादरला गेले. साडी इस्त्रीची नेसले, केस विंचरले. जुन्या उपाहारगृहात शिरले. वेटर म्हणाला, “काकू, किती जण?”

“एक,” मी म्हटले.

थालीपीठ मागवले, वर पीयूष. सावकाश, एक एक घास चावून खाल्ले. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली माझ्याकडे बघत होत्या. बघू देत. उद्या त्याही बसतील.

घरीसुद्धा आता पातेल्यात जेवत नाही. ताट घेते, पाट नाही तरी खुर्ची ओढते, मीठ-लिंबू वाढून घेते. तुमच्यापैकी जी कुणी आज ओट्याशी उभी राहून जेवली असेल, तिने उद्या एवढे करून पाहावे. त्यासाठी लिस्बनला जायला नको.

आणि गेलातच, तर ‘मेया दोझ’ लक्षात ठेवा. अन् हो, न मागता आलेल्या ऑलिव्हला हात लावू नका!